पुढ्यात काय वाढून ठेवलंय? : वाचकांचे प्रश्न, इंडियन-नेपाळी बुफेबद्दल

मागच्या अंकात सहज एक ओळ लिहिली होती, की बाहेर जेवण्याबद्दल काही विचारायचं असेल तर बिनधास्त विचारा. झालं, मेल यायला लागले आणि त्यातले निम्मे एकाच जागेबद्दल! परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांना माहितीच असेल, ‘इंडियन अँड नेपाळीज’ अशी पाटी, काचेवर प्रार्थनेच्या पताका, आत मंद आवाजात बासरी आणि भिंतीलगत वाफाळणाऱ्या ट्रेंची रांग, दुपारचा बुफे. मी पण अशा ठिकाणी पुष्कळ वर्षं जेवलेय, बऱ्याचदा चुकीचं जेवलेय आणि मग हळूहळू अक्कल आलीय, त्या अक्कलेच्या जोरावर ही उत्तरं.

ताई, आम्ही ऑफिसचे चौघं दर शुक्रवारी बुफेला जातो. एकाचं म्हणणं असं की भात-नानला हातच लावायचा नाही, सरळ तंदुरी चिकनवर तुटून पडायचं, तरच पैसे वसूल. मी तसं करतो आणि मग तीन वाजता मीटिंगमध्ये डोळे मिटायला लागतात. नक्की कसं जेवायचं?

अरे, वसूलच करायचं असेल तर उसाचा रस पिळल्यासारखं रेस्टॉरंटला पिळून काय मिळणार, पोट तर तुझंच आहे ना. पण तुझ्या मित्राचं निरीक्षण चुकीचं नाहीये हां. बुफेची रांग बघ कशी असते, आधी सॅलड, मग भजी, मग भात, नान, मग बटाट्याचं काहीतरी, आणि चिकन येईपर्यंत ताटात जागाच उरत नाही. पोट भरणारं आणि स्वस्त ते आधी, हे काही योगायोगाने होत नाही.

म्हणून माझा एकच नियम, पहिली फेरी रिकाम्या हाताने मारायची. ताट घ्यायचंच नाही. झाकणं उघडून बघायचं (आणि परत लावायचं, प्लीज!), आणि सगळ्यात शेवटी, चटण्या-लोणच्यांच्या पलीकडे जी दोन-तीन लहान भांडी असतात ना, तिथे जाऊन थांबायचं. नेपाळी पदार्थ बहुतेक तिथे असतात आणि नव्वद टक्के लोक तिथे पोचेपर्यंत ताट भरून परत फिरलेले असतात. मी स्वतः कितीतरी महिने असंच केलं, मला वाटायचं ती भांडी म्हणजे उरलंसुरलं.

बुफेत पटाईत लोक म्हणजे स्वीडनवाले. त्यांच्या स्मोर्गसबोर्डची, म्हणजे तिकडच्या बुफेची, रीतच अशी की आधी मासे, मग बाकीचं थंड, मग गरम, मग गोड, आणि दर फेरीला नवीन ताट. १९३९ च्या न्यूयॉर्कच्या वर्ल्ड फेअरमध्ये अमेरिकेने हा प्रकार बघितला आणि मग तो तिकडे चांगलाच फोफावला. आपण मात्र एकाच ताटात रायता, गुलाबजाम आणि फिश करी शेजारी शेजारी नांदवतो, मग सगळ्याला एकच चव येते आणि दोष आचाऱ्याला. छोट्या छोट्या तीन फेऱ्या कर, झोप पण कमी येईल.

चिकन टिक्का मसाला, पनीर मखनी, मलाई कोफ्ता, तिन्ही केशरी आणि तिन्ही गोडसर. हे लोक एकाच पातेल्यातून वाढतात का? फसवणूक वाटते.

फसवणूक नाही हो, पातेलं मात्र खरंच एकच असू शकतं. हॉटेलच्या किचनमध्ये दोन-तीन बेस ग्रेव्ही सकाळीच करून ठेवतात, एक टोमॅटो-बटरची मखनी, एक कांदा-टोमॅटोची आणि एक काजूची पांढरी. मग ऑर्डर आली की त्यातलीच पळीभर घेऊन कशात क्रीम, कशात कसुरी मेथी, कशात गरम मसाला घालून पुढचं नाव द्यायचं. भारतातली बहुतेक रेस्टॉरंटंही हेच करतात, फक्त तिथे एका वेळी एकच भाजी मागवतो म्हणून कळत नाही, बुफेत तिन्ही बहिणी शेजारी उभ्या राहिल्या की चेहरेपट्टी दिसते.

आणि त्या केशरी घराण्याचं मूळ दिल्लीत आहे. फाळणीनंतर दर्यागंजला सुरू झालेल्या मोती महल या रेस्टॉरंटशी बटर चिकन जोडलं जातं, आणि ते नेमकं कोणी शोधलं यावरून तर २०२४ मध्ये दिल्ली हायकोर्टात भांडण पोचलं! म्हणजे बघा, ज्या गोष्टीवरून कोर्टकचेरी चालते तीच आपल्याला कंटाळवाणी वाटते.

पण तुमच्या तक्रारीत मला खरा मुद्दा दुसराच दिसतो, की बुफेत काय टिकतं आणि काय मरतं. वाफेच्या पाण्यावर ठेवलेला ट्रे म्हणजे पदार्थ तासभर मंद शिजतच असतो. डाळ, छोले, राजमा, साग, मटणाचा रस्सा, यांना त्याने काही होत नाही, उलट मुरतात. पण भजी मऊ पडतात, भेंडी लिबलिबीत होते, पनीर रबर होतं आणि चिकन ब्रेस्टचे तुकडे तर कापूस. मी एकदा एका ठिकाणी (नाव नको) दोन वाजून गेल्यावर पोचले होते, ट्रेच्या कडेला ग्रेव्हीची तपकिरी साय धरलेली, मधे तेलाचं तळं आणि त्यात एकच कोफ्ता पाठ वर करून तरंगत होता, मला त्याची दयाच आली. तेव्हापासून मी डाळ-उसळ-पालेभाजीच्या बाजूने असते, आणि किचनमधून कोणी फडक्यात धरून नवीन ट्रे घेऊन येताना दिसला की लाज सोडून उठते. नवीन ट्रे आला की कुठलीही भाजी चांगली लागते.

पाटीवर नेपाळी लिहिलंय, आत सगळं पंजाबी. नेपाळी म्हणून फक्त मोमो. मग नेपाळी कशाला लिहायचं?

कारण मालक आणि आचारी नेपाळी असतात! १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांच्या देशात राहता येतं, काम करता येतं, आणि भारतातल्या हॉटेलांच्या किचनमध्ये नेपाळी हात किती आहेत हे आपण सगळ्यांनी बघितलंय. तिथे तंदूर शिकलेला माणूस पुढे परदेशात गेला, त्याने स्वतःचं काढलं, तर गिऱ्हाईक ज्याला ओळखतं तेच तो समोर मांडणार ना. बटर चिकन धंद्यासाठी, कोपऱ्यातली ती लहान भांडी स्वतःसाठी, असं मला वाटतं. तुम्ही त्यातलं काही आवडीने खाल्लंत आणि तसं सांगितलंत की पुढच्या वेळी भांडं मोठं होतं, मी हे दोन ठिकाणी होताना बघितलंय.

ताई, सासूबाई इकडे आल्यात, पक्क्या शाकाहारी. त्यांना हौसेने बुफेला नेलं, एका भांड्यावर ‘मासको दाल’ अशी चिठ्ठी होती. त्यांनी ते वाचलं आणि ताट तिथेच ठेवून बाहेर! म्हणाल्या, डाळीत मांस घालतात, मी इथलं पाणी पण पिणार नाही. आता त्यांना काय सांगू?

अगं, सासूबाईंना माझा साष्टांग नमस्कार सांग आणि त्यांना सांग की ती उडदाची डाळ होती गं, उडदाची! नेपाळीत उडदाला ‘मास’ म्हणतात, संस्कृतातला ‘माष’ तोच हा. आपल्याकडे हा शब्द जेवणातून गेला पण सोनाराकडे राहिला. गुंज, मासा, तोळा आठवतंय का? आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, तो मासा म्हणजे पाण्यातला नाही, उडदाचा दाणा. सासूबाईंच्या पाटल्या ज्या मापाने केल्या असतील तेच माप त्या भांड्यात शिजत होतं.

आता खरी भानगड पुढे आहे, कारण नेपाळीत ‘मासु’ म्हणजे मात्र खरोखर मांस, आणि मासा म्हणायचं असेल तर ‘माछा’. एका उकाराने शाकाहार मोडतो! त्यामुळे चिठ्ठी वाचताना तेवढा उकार बघायचा. ‘खसी’ दिसलं तर बोकड (आपण खच्ची म्हणतो तेच), ‘कुखुरा’ दिसलं तर कोंबडी. आणि ‘गोलभेंडा’ वाचून भेंडी समजू नका, तो टोमॅटो.

ती डाळ मात्र त्यांना खायला घालच. काळे उडीद, बहुधा लोखंडी कढईत शिजवलेले, आणि वरून तुपात जिम्बूची फोडणी. जिम्बू म्हणजे मुस्तांगसारख्या उंच हिमालयी भागात उगवणारी कांद्याच्या कुळातली पात, वाळवलेली, दिसायला अगदी वाळकं गवत. गरम तुपात पडली की दोन सेकंदात कांदा आणि लसूण यांच्या मधला वास सुटतो, जास्त झाली तर जळते. (सासूबाई कांदा-लसूण पण खात नसतील तर मग ही डाळ नको, तेवढं आधी विचार.) आपल्याकडे बऱ्याच घरी उडदाचं घुटं होतं, ते खाल्लेल्या माणसाला ही डाळ परकी वाटणारच नाही. आणि हो, व्हेज भाजीतला डाव चिकनच्या ट्रेमध्ये कोणीतरी बुडवतोच, त्यावर उपाय एकच, रांगेत अगदी सुरुवातीला जा किंवा काउंटरवर सांगा, आतून वेगळी वाटी आणून देतात, मला आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही.

तिथल्या बाईंनी मला विचारलं, ‘मीठो छ?’ मी म्हटलं, थोडं कमी आहे. त्यांचा चेहरा एकदम पडला. मी काय चुकीचं बोललो?

काका, त्यांनी विचारलं ‘चविष्ट आहे ना?’ आणि तुम्ही म्हणालात ‘कमीच आहे’. नेपाळीत मीठो म्हणजे रुचकर, आणि मीठ म्हणजे नून. पुढच्या वेळी गेलात की आल्या आल्या ‘धेरै मीठो छ’ म्हणा, म्हणजे खूप छान झालंय, आणि वाढायला आल्या तर ‘पुग्यो’ म्हणा, ‘पुरे’ म्हणतो ना आपण, तसं. एवढ्यावर मला एकदा फुकट चहा मिळालाय.

मोमोबरोबरच्या लाल चटणीने माझी जीभ बधिर झाली, ओठांना मुंग्या आल्या, दोन-चार मिनिटांनी आपोआप बरं वाटलं. तिखट तर फार नव्हतं. चटणीत काही भेसळ असते का?

भेसळ नाही, टिमुर! आणि तुम्ही कोकणातले असाल तर तुम्हाला हे आधीच ओळखीचं असायला हवं होतं, कारण टिमुर हा आपल्या तिरफळाचा सख्खा भाऊ आहे, झाडांचं कूळ एकच, झँथोझायलम. बांगड्याच्या तिखल्यात चार तिरफळं ठेचून टाकतात ना, चुकून दाताखाली आलं की जीभ कशी वळवळते, तीच गोष्ट. दोन्हीत वापरायचं ते वरचं टरफल, आतलं काळं कुळकुळीत बी फेकून द्यायचं. त्या टरफलात सॅन्शूल नावाचं द्रव्य असतं, ते जिभेच्या स्पर्शाच्या नसांना चाळवतं म्हणून मुंग्या आल्यासारखं वाटतं, तिखटाशी त्याचा संबंध नाही.

फरक वापरण्यात आहे. आपण तिरफळ नुसतं ठेचून रश्शात सोडतो, खाताना बाजूला काढतो. नेपाळी लोक टिमुर वाटून टाकतात, भाजलेला टोमॅटो, तीळ, लसूण, मिरची यांच्याबरोबर, म्हणून बाजूला काढायची सोय नाही. अशा चटणीला ते अचार म्हणतात, आणि आपण अचार म्हटलं की तेलात बुडालेली कैरी डोळ्यासमोर आणतो, तसं ते नाहीच. नेपाळी अचार पुष्कळदा त्याच दिवशी केलेला असतो. उकडलेल्या बटाट्याला तिळाचं कूट, लिंबू आणि वरून मेथीची काळपट फोडणी, झाला आलुको अचार, आपण त्याला सरळ कोशिंबीर म्हटलं असतं. एकच सांगते, टिमुरने ओठांना मुंग्या येणं वेगळं आणि ओठ सुजणं, घसा आवळणं, अंगावर पित्त उठणं वेगळं, तसं काही झालं तर थांबायचं नाही, तडक डॉक्टर गाठायचा. या चटण्यांत तीळ भरपूर आणि त्या पांढऱ्या ग्रेव्हीत काजू, ज्यांना याची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी चिठ्ठीवर विसंबू नये, किचनमध्ये विचारायला लावावं. अमेरिकेत तर २०२३ पासून तीळही मोठ्या अ‍ॅलर्जीच्या अधिकृत यादीत आलेत.

टिमुरच्याच शेजारी कधी काळपट, आंबूस वासाचं सार दिसलं तर ते गुंद्रुक असेल. मोहरीचा, मुळ्याचा पाला कोमेजवून, चेचून, भांड्यात घट्ट दाबून मीठ न घालता आंबवतात आणि मग उन्हात वाळवतात. वासाने दचकू नका, आंबट चुक्याची किंवा अंबाडीची भाजी आवडत असेल तर हेही आवडेल. आणि आलु-तामा, म्हणजे बटाटा, चवळी आणि आंबवलेले बांबूचे कोंब. मला त्या अख्ख्या रांगेत सगळ्यात जास्त आजोळ या दोन भांड्यांत सापडतं, मखनीच्या ट्रेमध्ये नाही, आता हे कोणाला पटो न पटो.

दुसऱ्या फेरीला जुनंच ताट घेऊन गेले तर वेटरने अडवलं. पाणी वाचावं म्हणून मी तसं करते, त्यात काय चुकलं?

अहो, उष्टं! आपली आजी जे म्हणायची तेच वेटर म्हणाला, नेपाळीत त्याला ‘जुठो’ म्हणतात आणि तिकडेही ते आपल्याइतकंच पाळतात. अमेरिकेच्या फूड कोडमध्येही आहे, वापरलेल्या ताटात परत वाढून घ्यायचं नाही. कारण सोपं आहे, ट्रेमधला डाव तुमच्या ताटाला टेकतो आणि मग परत सगळ्यांच्या भाजीत जातो. पेला मात्र तोच चालतो.

स्वच्छतेबद्दल अजून तिघांनी विचारलंय म्हणून इथेच सांगून टाकते. जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे, शिजलेलं अन्न वाढेपर्यंत ६० अंश सेल्सियसच्या वर ठेवायचं किंवा ५ अंशांच्या खाली, आणि बाहेरच्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त नाही. आपण काही थर्मामीटर घेऊन जात नाही, पण झाकण उचलल्यावर वाफ आली पाहिजे एवढं तर कळतं. कोमट भात मी सोडून देते, कारण भातात एक जिवाणू असतो, त्याचं विष एकदा तयार झालं की परत गरम करूनही जात नाही. रायता बर्फावर ठेवलेला हवा. आणि उरलेलं टिफिनमध्ये भरून न्यायचं नाही हो, बुफे तिथे बसून खाण्याचा असतो, पर्समधून डबा काढणाऱ्या काकू मी बघितल्यात आणि त्या माझ्याच टेबलवर बसलेल्या होत्या.

नान नेहमी चामड्यासारखा का?

कारण तंदूरमधून निघून अर्धा तास झालेला असतो. गार होताना मैद्यातलं स्टार्च परत घट्ट होतं, वर वाफेच्या झाकणाखाली ठेवलं की बाहेरून ओलं आणि आतून चिवट. ट्रेमधला घेऊच नका. ‘ताजा मिळेल का’ असं नुसतं विचारा, बऱ्याच ठिकाणी टोपलीतून टेबलवर आणून देतात, फक्त कोणी मागत नाही.

आम्ही पोचतो तेव्हा मोमो संपलेले असतात आणि स्टीमरमध्ये फक्त कोबीची पानं. काय करावं?

हा जिव्हाळ्याचा प्रश्न. मोमो तिबेटकडून आले असं मानतात, ल्हासाला व्यापाराला जाणारे काठमांडूचे नेवार व्यापारी ते घेऊन आले, आणि काठमांडूत ते म्हशीच्या मांसाचे, ‘बफ’चे, लोकप्रिय झाले. इकडे मात्र चिकनचे किंवा भाजीचेच जास्त. एकेक हाताने वळायचा, चुण्या पाडायच्या, आपल्या मोदकासारखंच काम, म्हणून ते भातासारखे घमेलंभर करून ठेवता येत नाहीत आणि एकदम थोडेच बाहेर येतात. सुरू होताक्षणी जाऊ नका, तेव्हा गर्दी बाकीच्या ट्रेंवर असते पण मोमो अजून वाफेवर असतात. वीसेक मिनिटांनी जा. किचनच्या दाराजवळचं टेबल धरा, तिथे कोणाला बसायचं नसतं. आणि ते दार उघडून बांबूचा डबा बाहेर येताना दिसला की बोलणं अर्धवट टाकून उठा, चारच घ्या, मागचा माणूसही आपल्यासारखाच वाट बघतोय. कोबीची पानं उरली असतील तर ती पण खाऊन बघा, मोमोचा सगळा रस त्यांनीच प्यायलेला असतो, वर थोडी टिमुरची चटणी घातली की झालं.